नसलेल्या राज्याच्या चॅम्पियनबाई

“पाय आधी, हात मागून!”

हे वाक्य बाईंच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. एखादी मुलगी फळ्याशी येऊन घाईघाईनं आकडे मांडू लागली की मागून आवाज यायचा, “पाय आधी, हात मागून.” म्हणजे आधी नीट उभी राहा, समोर काय आलंय ते बघ, मग लिही. स्टोव्हवरचं दूध उतू जायला लागलं आणि मी बसल्या जागेवरून हात लांब केला, की तेच. एकदा आमच्या मुख्याध्यापिका वरच्या साहेबांना रागारागानं पत्र लिहायला बसल्या होत्या. बाई त्यांच्या टेबलाशी वाकल्या आणि हळूच तेवढंच बोलल्या. पत्र दोन दिवसांनी गेलं, आणि चांगलं गेलं.

वाक्य टेनिसचं होतं हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. टेनिस म्हणजे काय हेच आमच्यापैकी कितीजणींना माहीत होतं!

पोलीस अ‍ॅक्शनला तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचा अंमल संपून परभणीच्या शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि मराठी शिकवणारी माणसं मिळेनाशी झाली होती. मी नुकतीच परीक्षा पास होऊन मुलींच्या शाळेत लागले होते. दोन महिन्यांनी बाई आल्या. हैदराबादला वाढलेल्या, मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही येणाऱ्या, तिशीच्या आतल्या, लग्न न झालेल्या. उंच, सावळ्या, आणि चालताना टाच जमिनीला लागते की नाही अशी शंका यावी इतक्या हलक्या पायांच्या. एकट्या बाईला जागा कोण देणार? म्हणून मुख्याध्यापिकांनी त्यांना माझ्याच खोलीत आणून सोडलं. पुढची आठ वर्षं आम्ही एका स्टोव्हवर स्वयंपाक केला.

सामान उतरवताना आमच्या घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. ट्रंक झाली, वळकटी झाली, आणि मग चार स्क्रूंनी आवळलेल्या लाकडी चौकटीतली ती वस्तू निघाली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली.

“चाळणी हाय व्हय? भोकं लय मोठी हायत. ह्यातून काय चाळताव तुमी?”

“बॉल,” बाई म्हणाल्या.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी खांदे उडवले. मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मागच्या भिंतीवर धप्, धप् असा आवाज सुरू झाला. पदर खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून बाई एकट्याच भिंतीशी खेळत होत्या. भिंत काही हरत नव्हती आणि बाई काही थांबत नव्हत्या. शाळेचा शिपाई गिलावा पडतो म्हणून तक्रार घेऊन गेला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, आणि बाईंनी अगदी साधेपणानं सांगून टाकलं की आपण हैदराबाद संस्थानच्या महिला टेनिस चॅम्पियन होतो. दोनदा.

पुढच्या आठवडाभरात सगळ्या गावाला हे माहीत झालं. चॅम्पियन या शब्दाचा अर्थ मात्र ज्यानं त्यानं आपापला लावला. काकू कित्येक दिवस ती वरच्या परीक्षेची पदवी समजत होत्या.

परभणीत टेनिसचं कोर्ट एकच होतं, साहेब लोकांच्या जुन्या क्लबात. संस्थानी अमलातले बरेच अधिकारी अ‍ॅक्शननंतर निघून गेले होते. क्लब ओस पडला होता. पण क्लबचा म्हातारा मार्कर तेवढा राहिला होता. मार्कर म्हणजे कोर्ट राखणारा आणि जोडीदार नसेल तेव्हा साहेबांशी खेळणारा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत. पांढरी दाढी, ढगळ विजार. खेळायला कुणी नसलं तरी तो रोज कोर्टावर पाणी मारायचा, रूळ फिरवायचा आणि चुन्याच्या रेघा ओढायचा.

बाई मला बरोबर घेऊन क्लबच्या सेक्रेटरींकडे गेल्या. ते वकील होते. त्यांनी नियमांची वही काढली.

“मेंबर आणि मेंबरांची कुटुंबं, असं आहे. तुम्ही कोणाच्या कुटुंबापैकी?”

“कोणाच्याच नाही. मीच मेंबर व्हायला आलेय.”

“मेंबर पुरुषच असतो, बाई.”

“असं लिहिलंय?”

“लिहिलं नाही. लिहायची वेळच कधी आली नाही.”

चाचा बाहेर झारी घेऊन उभा होता. तो दारातूनच म्हणाला, “वकीलसाब, किताब में ऐसा बी लिखेला है, मार्करने कोर्ट रोज खेलने के लायक रखना. लायक है का नै, ये खेले बगैर कैसा मालूम होना?”

वकिलाला चांगला मुद्दा दिसला की आपण हरलो तरी आनंद होतो. सेक्रेटरी हसले. तेव्हापासून रोज पहाटे उजाडताना बाई क्लबात जायच्या आणि चाचाच्या वहीत रोज एक ओळ पडायची, ‘पाणी मारलं, रूळ फिरवला, तपासणी झाली.’ ही तपासणी म्हणजे आमच्या बाई.

मी बॉल गोळा करायला जायची. कामासाठी नव्हे, बघायला. तुम्ही कधी घारीला वाऱ्यावर वळताना नीट पाहिलंय का? ती पंख हलवत नाही, तिला वारा आधीच कळलेला असतो. बाईंचं तसं होतं. चाचानं बॉल मारण्याआधीच त्या निघालेल्या असायच्या. बॉल जुने, टक्कल पडलेले. नवे हैदराबादहून कुणी आणले तरच. एकदा रॅकेटची आतड्याची तार तुटली. परभणीत ती कोण जोडणार? बाई थेट बाजारातल्या पिंजाऱ्याकडे गेल्या. कापूस पिंजायच्या धनुकलीला तो जी तात लावतो, तीही आतड्याचीच. त्यानं रॅकेट हातात घेतली, तातीचा तुकडा ओढून बसवला, बोटानं टणत्कार करून पाहिला आणि म्हणाला, “बाई, पिंजायची असंल तर लय बारकी हाय ही. पण बसली पक्की.” ती एक तार इतरांपेक्षा जाड दिसायची. बाई म्हणायच्या, “ही परभणीची.”

गावानं नावं ठेवली नाहीत असं नाही. बाईमाणसानं पहाटे बूट घालून जायचं, म्हाताऱ्या मुसलमानाशी खेळायचं, आणि तेही त्या दिवसांत. जुने घाव अजून ओले होते, दोन्ही बाजूंनी. बाईंना कुणी टोकलं की त्या म्हणायच्या, “हौ, खरं आहे. पण गावात माझा बॉल परत करणारा दुसरा कोण आहे, सांगा. मी त्याच्याशी खेळते.”

दोन वर्षं सराव झाल्यावर बाईंनी पुन्हा स्पर्धेत नाव दिलं. दसऱ्याच्या सुट्टीत मीही सोबत गेले. तोवर मी हैदराबाद पाहिलं नव्हतं. हिरवळीचं कोर्ट, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, छत्रीखाली बसलेल्या बायका. बाई पांढरी सलवार-कमीज घालून उतरल्या आणि एकामागून एक मुलींना हरवत अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. शेवटी समोर आली एक गोरी, नाजूक बाई, बाईंच्याच वयाची. मोठ्या घराण्यातली असावी असं तिच्या उभं राहण्यावरून वाटलं. सामना फार रंगला. बाई जिंकत आल्या होत्या. जिंकायला एकच गुण हवा होता, आणि सोपा बॉल त्यांनी जाळीत मारला. पुन्हा तीच वेळ आली, पुन्हा जाळीत. मग हरल्याच.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच बाई समोर, पुन्हा तोच प्रकार. या वेळी हात मिळवायला दोघी जाळीशी आल्या, तर जिंकलेल्या बाईनं हात पुढे केलाच नाही. आमच्या बाईंच्या डोळ्यांत बघत तिनं दोनच शब्द उच्चारले, “अब भी?” अजूनही? आणि पाठ फिरवून निघून गेली. जिंकून इतकी रागावलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

परभणीला आल्यावर चाचानं माझ्याकडून सामना ऐकला. बाईंकडून नव्हे, माझ्याकडून. तो रुळाच्या दांड्याला टेकून उभा होता.

“आखरी बॉल किधर गया?”

“जाळीत.”

“और पिछले साल?”

“तेव्हाही जाळीतच.”

चाचानं दाढी कुरवाळली. मग म्हणाला, “बाईसाब का बॉल बाहर जाता. जाली में नै जाता. तीन साल में मैं एक बार नै देखा. बाईसाब हारते नै. जीत दे देते.”

रविवारी दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो, तेव्हा मी हे बाईंना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या, आणि मग पहिल्यांदाच आपल्या लहानपणाबद्दल बोलल्या.

त्यांचे वडील हैदराबादला एका जहागीरदाराच्या देवडीत लिहिण्याच्या कामावर होते. देवडी म्हणजे त्या लोकांचा मोठा वाडा. तिथल्या जनान्यात बायकांसाठी टेनिसचं कोर्ट होतं, चारी बाजूंनी कनाती लावलेलं. जहागीरदारांच्या धाकट्या मुलीला, बीबीला, खेळायला जोडीदारीण हवी होती. कारकुनाची मुलगी तिच्याच वयाची, म्हणून नवव्या वर्षापासून ती रोज जनान्यात जाऊ लागली.

“बाबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “खेळ असा खेळ की बीबीला मजा आली पाहिजे. तिला घाम आला पाहिजे. पण शेवटचा गुण तिचा. आपली चूल त्या घरावर आहे, बेटा. मी आठ-नऊ वर्षं तसंच खेळले. अगदी जिंकत यायचं आणि शेवटचा बॉल जाळीत. बाहेर मारला तर मुद्दाम मारलेला कळतो. जाळीतला कळत नाही.”

“आणि तुम्ही चॅम्पियन झालात, ते कसं?”

“बीबी पडद्यात. ती बाहेर येऊन खेळूच शकत नव्हती. तिनंच अम्मीजानकडे हट्ट करून मला पाठवलं. मी जिंकून आले की रात्रीचं जेवण राहू दे, आधी सगळा सामना सांग म्हणायची. कुठला बॉल कुठे मारलास, ते हातात रॅकेट घेऊन मला करून दाखवायला लावायची. दोन्ही वर्षं.”

मग जहागिऱ्या गेल्या. देवडी रिकामी झाली, वडील वारले, बाई परभणीला आल्या. आणि बीबीनं पडदा सोडला. ती उघड्या मैदानात आली, तेव्हा तिला खेळायचं होतं ते एकाच व्यक्तीशी.

“मी मुद्दाम हरत नाही गं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “देवाशपथ नाही. जिंकायला जाते मी. पण तो शेवटचा बॉल समोर आला की हात आखडतो. जसं काही कुणी मागून मनगट धरलंय. आणि तिला ते कळतं. ती म्हणाली ना, अब भी? तिला लहानपणापासून सगळं माहीत होतं. मला वाटायचं मी तिला फसवते.”

सुपात बघत त्या पुढे म्हणाल्या, “किती अपमान केला मी तिचा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे चाचाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि औषध सुरू केलं. सरावात बाई जिंकायच्या टोकाला आल्या की तो खेळ थांबवायचा, खांद्यावरचा पंचा डोक्यावर ओढणीसारखा घ्यायचा, दाढी त्यात लपवायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, “मैं बीबी हूं. मारो.”

पहिल्या दिवशी बाई हसून हसून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या आणि बॉल जाळीत गेला. तिसऱ्या दिवशी हसल्या नाहीत, तरी जाळीतच गेला. महिनाभर तो पंचा रोज चाचाच्या डोक्यावर चढत होता. फाटकाशी येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची, हसायची. चाचाला त्याचं काही नव्हतं. “बाईसाब, बॉल कू देखो. मेरे कू नक्को देखो. बीबी कू बी नक्को.” एका पहाटे बॉल त्याच्या डाव्या हाताला असा सणसणत गेला, की तो वळलासुद्धा नाही. पंचा काढून घडी घातली आणि म्हणाला, “अब मैं चाचा.” त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते मी वाचलं. लिहिलं होतं, ‘तपासणी झाली. कोर्ट ठीक आहे.’

ते वर्ष राज्यं मोडून नवी करायचं होतं. हैदराबाद राज्य आता राहणार नाही, मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हे जाहीर झालेलं होतं. गावात त्याच गप्पा होत्या. कुणाला आनंद, कुणाला धास्ती. बाईंना एवढंच कळत होतं की त्या राज्याची ही शेवटची स्पर्धा.

आणि शेवटचा सामना पुन्हा त्या दोघींचा.

पहिला सेट बाईंनी घेतला, दुसरा बीबीनं. तिसऱ्यात दोघी सहा-सहापर्यंत आल्या. मी पदराचं टोक चावून चावून ओलं केलं होतं. बाई पुढे गेल्या आणि तो एक गुण उरला. सोपा बॉल आला. बाईंनी मारला. जाळीत.

बीबीनं रॅकेट खाली टेकवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. प्रेक्षकांना वाटलं दमली. मला तिचा चेहरा दिसत होता. ती रडायच्या बेतात होती.

बाई मागच्या रेषेपर्यंत चालत गेल्या. तिथे उभ्या राहून त्यांनी दोन्ही पायांवर एकदा हलकी उडी घेतली. पुढचा गुण त्यांनी मिळवला. पुन्हा एकच उरला. बीबीनं या वेळी सोपं काही दिलं नाही. कोपऱ्यात, खोल, वेगानं मारला. बाई आधीच तिथे होत्या. बॅकहँडनं मारलेला बॉल रेषेच्या कडेकडेनं गेला, चुन्याचा फुफाटा उडाला, आणि मागचा पडदा हलला.

टाळ्या थोड्या उशिरा आल्या. बीबी जाळीशी चालत आली नाही, धावत आली. तिनं बाईंचे दोन्ही खांदे धरून हलवले. “बाईस बरस!” ती ओरडत होती, बावीस वर्षं! “बाईस बरस लगाए तूने, कमबख्त!” आणि मग दोघी जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. छत्रीखालच्या बायका कुजबुजायला लागल्या. हरलेलीला असं आनंदानं रडताना त्यांनी पाहिलं नसेल.

नंतर बीबीनं आम्हाला देवडीत नेलं. तिच्याकडे दोनच खोल्या उरल्या होत्या. ती मुलींना शिवणकाम शिकवत असे. तिनं आमच्यासाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला, आणि जेवताना बाईंना म्हणाली, “अब बोल. मॅच कैसा हुआ?” बाई उठल्या, रॅकेट हातात घेतली आणि पहिल्या गुणापासून करून दाखवायला लागल्या.

परतताना गाडी पूर्णेला सकाळी थांबली. इंजिन पाणी घेत होतं. मी दोन कप चहा घेऊन डब्यात आले तर बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मी एक कप पुढे केला. कप हातात घेतल्यावर त्याच म्हणाल्या, “बाबा असते तर रागावले असते.” एक घोट घेतला. “आणि बाबा असते तर मी जिंकलेच नसते. यातलं कशाचं रडू येतंय तेच कळत नाहीये.”

तीनदा जिंकणारीकडे कप कायमचा राहायचा, अशी पद्धत होती. तो चांदीचा कप आमच्या खोलीत आला. काकूंनी हळदकुंकू लावलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “येवढं मोठं भांडं, अन् झाकण न्हाई?” चाचानं तो राखेनं घासून असा चकचकीत केला की त्यात स्वतःची दाढी विंचरून घेतली.

पुढल्याच महिन्यात राज्य गेलं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला. पुढच्या वर्षी बाईंनी स्पर्धेसाठी अर्ज पाठवला, तर उलट टपाली पत्र आलं. स्पर्धा आता नव्या राज्याची, तिथं राहणाऱ्यांसाठीच. आपण मुंबई राज्यात असल्यामुळे तिकडे चौकशी करावी. बाईंनी पत्र मला वाचून दाखवलं आणि खो खो हसल्या. “बघ, मी नसलेल्या राज्याची चॅम्पियन आहे. आता मला कुणी हरवूच शकत नाही.” पण त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मुंबई फार लांब होती. वयही झालं होतं.

आठ दिवस त्या क्लबात गेल्या नाहीत. नवव्या दिवशी शाळेमागच्या पडीक जागेत काठीनं रेघा ओढताना दिसल्या.

आमची जमीन काळी, हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात बूट गिळते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर कोर्ट करायचं म्हणजे वीतभर खणून मुरूम भरायला हवा. बाईंनी मुलींना सांगितलं, मुलींनी घरी. झरीच्या एका शेतकऱ्याची मुलगी आमच्या शाळेत शिकत होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पटका सावरत शाळेत हजर.

“बाई, आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं न्हाई. भावाभावाचं भांडन झालं तरी आमी घरातच मिटिवलं. अन् तुमी माज्या पोरीला कोर्टात न्यायलाव?”

बाईंनी न हसता त्यांना मागे नेलं, रेघा दाखवल्या आणि रॅकेटनं दोन बॉल भिंतीवर मारून दाखवले. ते गृहस्थ बघत राहिले.

“येवढंच व्हय? अन् ह्यात हारलं तर?”

“हारलं तर घरी जाऊन जेवायचं,” बाई म्हणाल्या. “आणि उद्या परत यायचं.”

“मंग बरं हाय. आमच्या कोर्टापरीस बरं हाय.”

रविवारी ते चार बैलगाड्या मुरूम घेऊन आले. त्यांचं बघून पिंगळीच्या दोघांनी गाड्या आणल्या. चाचानं क्लबचा रूळ आणवला आणि मुरूम कसा बसवायचा, पाणी किती मारायचं, हे बैलांना समजावल्यासारखं गाडीवाल्यांना समजावलं. दोन महिन्यांनी लुगडी-परकर खोचलेल्या पोरी त्या कोर्टावर धावायला लागल्या. तीन रॅकेटी, पंचवीस मुली. झरीची ती पोर सगळ्यांत चपळ. तिला बाईंनी एक गोष्ट मात्र सक्त सांगितली होती. “समोर कुणीही असो. मुख्याध्यापिका असोत, कलेक्टरांची मुलगी असो, मी असो. बॉल सोडायचा नाही.” आणि ज्या दिवशी त्या पोरीनं बाईंना पहिल्यांदा हरवलं, त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला. बढती होती, लांबच्या जिल्ह्यात मुख्याध्यापिका म्हणून. नाही म्हणायची सोय नव्हती. चाचा एस.टी. स्टँडवर आला होता. बाईंनी वाकून त्याच्या पायांना हात लावला, तेव्हा तो “जीते रहो” म्हणाला. गाडी हलल्यावर बाई खिडकीतून मला म्हणाल्या, “स्टोव्हची पिन फळीवर आहे.”

मी खोलीवर न जाता शाळेत गेले. सुट्टी होती तरी कोर्टावरून आवाज येत होता. चार मुली खेळत होत्या. एक बॉल रेषेपाशी पडला आणि वाद सुरू झाला. आत, बाहेर, आत, बाहेर. आणि मग चौघीही एकदम वळून कोर्टाच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीकडे बघायला लागल्या. रोज निवाडा तिथून यायचा. तिथे कुणी नव्हतं.

झरीच्या पोरीनं थोडा वेळ वाट पाहिली. गुण तिचा जाणार होता. तिनं पायानं मुरूम चाचपला, बॉलची खूण बघितली.

“आत हाय,” ती म्हणाली. “तुमचा गुण. मारा.”